मदरबोर्डच्या बायोस अपडेटवर लक्ष कसं ठेवायचं

विंडोजचं अपडेट आपोआप येतं, ग्राफिक्स कार्डवाले पॉपअप दाखवतात, मोबाईल तर अपडेट करा म्हणून मागेच लागतो, पण डेस्कटॉपच्या मदरबोर्डला नवीन बायोस (पीसी चालू होताना विंडोजच्याही आधी चालणारं, बोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) आलाय हे सहसा कोणी येऊन सांगत नाही. दुकानातून असेंबल करून घेतलेल्या पीसीचं तर विचारूच नका, लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर तपकीर गल्लीतून ज्या दिवशी घरी आला त्या दिवशी बोर्डवर जे व्हर्जन होतं तेच पुढे चार-पाच वर्षं तसंच पडून असतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. लक्ष ठेवणं वेगळं आणि अपडेट मारणं वेगळं, हे आधी डोक्यात पक्कं करा. लक्ष सगळ्यांनीच ठेवायचं, अपडेट मात्र कारण असेल तेव्हाच.

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" असं म्हणणारे बरेच असतात आणि त्यांचं अर्धं बरोबरही आहे, पण दोन प्रकरणं बघा. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याचे, सॉकेटसकट काळे पडल्याचे फोटो यायला लागले. मेमरीचं एक्स्पो (मेमरी जास्त वेगाने चालवायचं तयार सेटिंग) चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाचं) गरजेपेक्षा जास्त चढवत होते, मग एएमडीने ते १.३ व्होल्टच्या वर जाऊच नये अशी मर्यादा घातली आणि ती मर्यादा आली ती बायोस अपडेटमधूनच. दुसरं इंटेलच्या १३व्या आणि १४व्या जनरेशनचं. गेम उघडला की "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असा एरर यायचा, लोक बिचारे ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे आणि दोष असायचा प्रोसेसरमध्ये, त्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून तो हळूहळू खराब होत होता. त्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ असे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या सूचना, बायोसबरोबर येतात) आले. यातली वाईट गोष्ट अशी की एकदा खराब झालेली चिप अपडेटने बरी होत नाही, अपडेट फक्त पुढचं नुकसान थांबवतं, म्हणजे ज्यांना उशिरा कळलं त्यांच्या हातात वॉरंटीच उरली. बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने ३ वरून ५ वर्षं केलीय, असा प्रोसेसर असेल तर बिल सांभाळून ठेवा.

आता कामाचं. पहिली पायरी म्हणजे आपला बोर्ड नेमका कुठला ते शोधणं, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. विंडोजच्या सर्चमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन टाइप करा, उघडलेल्या खिडकीत बेसबोर्ड प्रॉडक्ट आणि बायोस व्हर्जन/डेट अशा ओळी दिसतील, त्यांचा फोटो काढून ठेवा. लिनक्स वापरत असाल तर डीएमआयडीकोड हीच माहिती देतं. पण नाव मिळालं म्हणून काम झालं असं नाही, कारण एमएसआयचे बी४५० टोमाहॉक, बी४५० टोमाहॉक मॅक्स आणि बी४५० टोमाहॉक मॅक्स टू हे तीन वेगळे बोर्ड आहेत आणि तिघांच्या फाइली वेगळ्या. गिगाबाइटमध्ये तर नाव अगदी तेच आणि रिव्हिजन वेगळं असाही प्रकार असतो, रेव्ह १.० चं सपोर्ट पेज वेगळं, रेव्ह १.२ चं वेगळं. हा रिव्हिजन नंबर बोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला असतो, केस उघडून टॉर्च मारून बघा किंवा खोक्यावरचं स्टिकर बघा, अंदाजाने ठरवू नका. चुकीची फाइल दिली तर बऱ्याचदा बोर्ड स्वतःच ती नाकारतो, पण त्या भरवशावर राहू नये.

व्हर्जन वाचायची प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. असुसचे चार आकडी नंबर असतात. गिगाबाइटचं एफ आणि पुढे आकडा, आणि आकड्यानंतर बारीक अक्षर असेल, म्हणजे एफ६३ए वगैरे, तर तो बीटा समजायचा. एमएसआयच्या व्हर्जनमध्ये आधी बोर्डचा कोड येतो, जसं टोमाहॉक मॅक्सचा ७सी०२, आणि मग व्ही लावून पुढचं. जुळवताना तारीख नाही, व्हर्जन जुळवा, कारण सिस्टिम इन्फर्मेशनमधली तारीख बायोस तयार झाल्याची असते आणि वेबसाइटवरची तो टाकल्याची, दोन्हींत काही दिवसांचं नाहीतर काही आठवड्यांचं अंतर पडतं आणि माणूस उगाच गोंधळतो.

एएमडीवाल्यांनी अजून एक नंबर लक्षात ठेवायचा, अजेसाचा. अजेसा म्हणजे एएमडीकडून सगळ्या बोर्ड कंपन्यांना मिळणारा बायोसचा मूळ भाग, त्याच्यावर प्रत्येक कंपनी आपापला बायोस रचते. त्यामुळे बातमीत "अमुक अजेसामध्ये दुरुस्ती आली" असं वाचलं तरी ते तुमच्या बोर्डपर्यंत पोचायला वेळ लागतो, महागड्या बोर्डांना बऱ्याचदा आधी मिळतं, स्वस्त आणि जुन्यांना मागून. उदाहरण द्यायचं तर रायझनवर फर्मवेअर टीपीएममुळे (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी, फर्मवेअरमधलीच सोय) पीसी मध्येच क्षणभर अडखळायचा, ते अजेसा १.२.०.७ ने सुटलं, २०२२ मध्ये, आणि हा नंबर ज्यांना माहीत होता ते आपल्या बोर्डच्या यादीत थेट तोच शोधू शकले, बाकीचे विंडोज फॉरमॅट करत बसले. इंटेलवाल्यांनी याच जागी मायक्रोकोडचा नंबर बघायचा.

नोंद कशात ठेवायची? गुगल शीट, मोबाईलमधली नोट, वहीचं शेवटचं पान, काहीही चालेल. त्यात लिहायचं ते असं: बोर्डचं पूर्ण नाव रिव्हिजनसकट, प्रोसेसर, आत्ताचं व्हर्जन, कधी टाकलं, अजेसा किंवा मायक्रोकोड, सपोर्ट पेजची लिंक, आणि एक रकाना "नवीन आलंय पण घेतलं नाही, का" यासाठी. हा शेवटचा रकाना फार उपयोगी पडतो, कारण तीन महिन्यांनी परत बघताना तीच यादी परत पहिल्यापासून वाचावी लागत नाही. घरात दोन-तीन पीसी असतील, आईबाबांचा गावाकडे एक असेल, तर सगळे एकाच शीटमध्ये घ्या. मी केसच्या आतल्या बाजूलाही छोटा कागद चिकटवतो, त्यावर व्हर्जन आणि तारीख, पीसी चालू होत नसेल तेव्हा शीट उघडायला दुसरा पीसी शोधावा लागत नाही.

मग कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांनी रिमाइंडर लावा. नवीन प्लॅटफॉर्म असेल, एएमडीच्या एएम५ सॉकेटचा ताजा बोर्ड वगैरे, तर पहिलं वर्षभर दर महिन्याला बघा, कारण सुरुवातीला मेमरी आणि बूट टाइमच्या दुरुस्त्या भराभर येतात. ज्यांना रिमाइंडर आवडत नाही त्यांनी डिस्टिलसारखं ब्राउझर एक्स्टेन्शन वापरावं, त्यात सपोर्ट पेजचा फक्त वरच्या व्हर्जनचा तुकडा निवडायचा, तो बदलला की कळवतं. फक्त अख्खं पेज निवडू नका, जाहिरात बदलली तरी घंटी वाजेल आणि चार दिवसांत तुम्ही ते बंद करून टाकाल. कंपनीचं विंडोजमधलं ॲप असतं जे अपडेट आपोआप शोधतं, मला ते आवडत नाही. २०२३ मध्ये एक्लिप्सियम या सिक्युरिटी कंपनीने दाखवलं होतं की गिगाबाइटच्या बऱ्याच बोर्डांतलं असं अपडेटरचं कोड सुरक्षित नसलेल्या मार्गाने फाइल उतरवू शकत होतं. गिगाबाइटने नंतर ते दुरुस्त केलं, पण पेज स्वतः उघडून बघायला दोन मिनिटं लागतात, मग ॲपची गरज काय.

नवीन व्हर्जन दिसलं की खालची टीप वाचा, आणि मधली सगळी व्हर्जनंही वाचा, नुसतं सगळ्यात वरचं नको. "सिस्टिम स्टॅबिलिटी सुधारली" एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही, तुमचा पीसी व्यवस्थित चालत असेल तर शीटमध्ये लिहून पुढे चला. नवीन प्रोसेसरचा सपोर्ट असेल आणि तो प्रोसेसर तुम्हाला घ्यायचा नसेल तर सोडून द्या, एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटच्या काही बोर्डांत तर नव्या प्रोसेसरला जागा करायला जुन्यांचा सपोर्ट काढून टाकलाय, कारण १६ एमबीच्या चिपमध्ये सगळं मावत नव्हतं. "हे टाकल्यावर जुन्या व्हर्जनवर परत जाता येणार नाही" ही ओळ दिसली तर थांबून दोनदा विचार करा. मात्र व्होल्टेज, मायक्रोकोड किंवा सिक्युरिटी असे शब्द दिसले की ते मनावर घ्या. डिसेंबर २०२३ चं लोगोफेल, म्हणजे बूट होताना दिसणाऱ्या लोगोच्या चित्रातूनच घुसखोरी, जुलै २०२४ चं पीकेफेल, ऑगस्ट २०२४ चं एएमडीचं सिंकक्लोज, ही सगळी विंडोजच्याही खालच्या थरातली भोकं आहेत, तिथे अँटिव्हायरस पोचत नाही.

तरी पहिल्याच दिवशी उडी मारू नका. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या भोकावरचा मायक्रोकोड घाईत आला, लोकांचे पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागले, आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच सांगितलं की हे लावणं थांबवा. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, त्याच बोर्डवाले काय म्हणतात ते वाचा, व्हर्जन यादीतून गुपचूप गायब झालं नाही ना बघा, मग घ्या. चिप जळण्यासारखं प्रकरण असेल तरच घाई.

सध्या अजून एका गोष्टीवर नजर ठेवा. सिक्युअर बूटची (पीसी चालू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मायक्रोसॉफ्टची २०११ ची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून संपायला लागतात, त्यातलं एक ऑक्टोबरमध्ये. पीसी बंद पडणार नाही, पण नवीन २०२३ ची सर्टिफिकेटं नसतील तर बूटच्या पातळीवरची पुढची सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत. बऱ्याच मशीनवर हे विंडोज अपडेटमधून होतं, काही बोर्डांना बायोसही लागतो, तर टीपेत सिक्युअर बूट की किंवा सर्टिफिकेट असं काही दिसलं की शीटमध्ये ठळक करा.

घ्यायचं ठरलं तर फाइल फक्त कंपनीच्या सपोर्ट पेजवरून, गुगलवर वर दिसणाऱ्या ड्रायव्हर साइटवरून अजिबात नको. फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका आणि बायोसमधल्याच सोयीने मारा, असुसला ईझी फ्लॅश, गिगाबाइटला क्यू-फ्लॅश, एमएसआयला एम-फ्लॅश, ॲसरॉकला इन्स्टंट फ्लॅश. आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडतेय का ते बघा, कागदावर उतरवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा, नाहीतर अपडेटनंतर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडे मागेल आणि तेव्हा शोधाशोध होईल. सध्याच्या सेटिंगचे फोटो घ्या, बहुतेक बोर्डांत पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं की बायोसचा स्क्रीनशॉट सेव्ह होतो. आणि लाइटीचं बघा. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी ढग भरून आलेले असताना हे काम काढू नका, यूपीएस नसेल आणि इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, नॉर्मल मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो त्यात पीसी बंद पडू शकतो. बोर्डला मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर निम्मी काळजी मिटते, फ्लॅश फसला तरी त्यावरून परत मारता येतो.

झाल्यावर आधी व्हर्जन बदललंय का बघा, मग एक्सएमपी (इंटेलचं एक्स्पोसारखंच सेटिंग) किंवा एक्स्पो, फॅन कर्व्ह (तापमानानुसार पंख्याचा वेग), बूट ऑर्डर आणि व्हर्च्युअल मशीन वापरत असाल तर व्हर्च्युअलायझेशन परत चालू करा, हे सगळं बहुतेक वेळा मूळ पदावर गेलेलं असतं. पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड मेमरीशी वेग जुळवून घेतो) डीडीआर५ मेमरीवर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, घाबरून बटण दाबू नका. मग बिटलॉकर परत सुरू करा, शीटमध्ये नवीन ओळ लिहा आणि जुन्या व्हर्जनची फाइल एका फोल्डरमध्ये जपून ठेवा, कंपन्या काही वेळा ती साइटवरून काढून टाकतात.