चिमणीचा फोटो आला की आधी महिना विचारा

कोकणात चिमण्यांच्या दोनच जाती नेहमी दिसतात, घरचिमणी आणि पिवळ्या गळ्याची रानचिमणी, म्हणून फोटोवरून चिमणी ओळखायचं काम सोपं वाटतं. नरापुरतं ते सोपं आहेही. मादीचा फोटो समोर आला की घाम फुटतो.

रानचिमणीचा पिवळा ठिपका शोधत बसू नका. मादीला तो नसल्यातच जमा, आणि नराने मान खाली घातली की त्याचाही दिसत नाही. पाठ बघा. घरचिमणीच्या पाठीवर काळ्या रेघा असतात, रानचिमणीची पाठ कोरी. खांद्यावर तांबूस डाग, चोचही जरा बारीक. पुढे मोठे पक्षीतज्ज्ञ झालेल्या सलीम अलींनाही लहानपणी ही ओळखता आली नव्हती, तिचं नाव विचारायलाच ते १९०८ साली मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेत गेले, तेव्हा तिला ओळखू न येणं काही लाजिरवाणं नाही. भातखाचरातली मादी असेल तर सुगरणीची शंका आधी काढा: सुगरणीच्या डोक्यावर रेघा, चिमणीचं डोकं साधं.

आता उपजाती, म्हणजे एकाच जातीतले प्रदेशानुसार बदलणारे प्रकार. मला सगळ्यात जास्त दमवलं ते घरचिमणीच्या नराच्या गळ्याखालच्या काळ्या डागाने. एकाचा डाग छातीभर, दुसऱ्याचा हनुवटीपुरता. वाटतं, दोन उपजाती सापडल्या. तसं नसतं. पावसाळ्याच्या शेवटी नवी पिसं येतात तेव्हा त्यांची टोकं फिकी असतात आणि काळा रंग त्यांच्याखाली झाकलेला असतो. पुढे टोकं झिजतात, काळं उघडं पडतं. म्हणजे पक्षी तोच, ऑक्टोबरात डाग लहान, एप्रिलात मोठा. चोचीचंही तेच: विणीच्या दिवसांत काळी कुळकुळीत, एरवी तपकिरी. शिवाय नर जितका वयाने आणि थव्यातल्या मानाने मोठा तितका डागही मोठा असू शकतो. यातलं काहीच उपजात सांगत नाही. हे मी तिसऱ्यांदा सांगायलाही तयार आहे, कारण सगळे इथेच अडकतात.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. जांभ्याच्या लाल धुळीत लोळलेली चिमणी पोटाकडून तांबडी दिसते, माडांच्या सावलीतली हिरवट, आणि फोन स्वतःच्या मनाने आणखी गडद करतो. फोटो टाकला की नाव सांगणारं ॲप जातीपर्यंत बरं. उपजात सांगू लागलं तर हसून सोडून द्या. आणि एका फोटोवरून छातीठोक उपजात सांगणाऱ्या गुरूंनाही लांबूनच नमस्कार.

घाबरू मात्र नका. आपल्याकडची घरचिमणी 'इंडिकस' उपजातीची, पांढऱ्या गालांची. 'पार्किनी' हिमालयाकडची, स्थलांतर करणारी 'बॅक्ट्रिएनस' हिवाळ्यात वायव्येकडच्या मैदानांत उतरते. हर्णे बंदरावर जाळ्यांमध्ये टिपणाऱ्या चिमणीसाठी ठिकाण हाच सर्वांत भक्कम पुरावा.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आला तर त्यात तारीख उरत नाही, बारीक रेघाही पुसट होतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि सोबत पाठीचा एक फोटो.