आधी तारांगणाचं तिकीट, मग बाकीचं

परगावी मुलांना घेऊन विज्ञान संग्रहालयात गेलात तर आत शिरताच तारांगणाच्या खेळाची तिकिटं काढा. दालनं दिवसभर उघडी असतात, खेळ मात्र ठरावीक वेळेला, आणि एकदा अंधार केला की उशिरा आलेल्यांना बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. खेळ कुठल्या भाषेत आहे तेही विचारा. न कळणाऱ्या भाषेतलं आकाश मुलांना पाच मिनिटांत कंटाळवाणं होतं.

जागा शक्यतो मागच्या रांगेत धरा, पुढे मान फार वर करावी लागते. मूल अगदी लहान असेल तर दाराजवळची खुर्ची बरी. दिवे मालवले की "आई, बाहेर चल" सुरू होऊ शकतं. (आमच्याकडे दोनदा झालं.) चालताना लुकलुकणारे बूट त्या दिवशी नकोत, आणि मोबाइल बंदच ठेवा: डोळ्यांना अंधार पुरता सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि उजळलेला पडदा ती सवय क्षणात घालवतो.

संग्रहालयात सगळं बघायचा हट्ट नको. कळ दाबायची, चाक फिरवायची अशी दोन दालनं पुरेत. एकाच लंबकापाशी मूल अर्धा तास रमलं तर रमू द्या.