लसूणघासाच्या जनुकांचा मिठाला प्रतिसाद कसा मोजावा

लसूणघासाच्या मुळांशी मीठ आले की त्याची कोणती जनुके जागी होतात हे पाहायचे असेल, तर यंत्राआधी रोपांचा विचार करावा. हे पीक परपरागित आणि चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच, एकूण 32) असल्याने एकाच पुडीतील दोन बियांची रोपेही जनुकीयदृष्ट्या वेगळी निघतात. म्हणून एकाच झाडाची छाट कलमे रुजवून निम्मी मिठात आणि निम्मी साध्या पोषकद्रावणात ठेवावीत. बियांपासूनच सुरुवात करायची असल्यास स्वपरागित, 16 गुणसूत्रांचे मेडिकागो ट्रंकॅट्युला हे भावंड बरे.

मीठ एकदम ओतू नये. पहिल्या दिवशी 50 आणि दुसऱ्या दिवशी 100 मिलिमोलर, म्हणजे लिटरला 5.84 ग्रॅम, असे चढत जावे. नाहीतर मोजला जातो तो निव्वळ पाणी ओढले गेल्याचा धक्का. याच कारणासाठी तेवढ्याच परासरण दाबाच्या (म्हणजे पाणी तेवढेच ओढणाऱ्या) मॅनिटॉल या सोडियम नसलेल्या पदार्थाची तिसरी रांग हवी, कारण प्रोलीन हे अमिनो आम्ल तयार करणारे पी-5-सीएस जनुक दुष्काळातही वाढते. (क्षारपड शेतात सहसा कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षारही असतात, हे निष्कर्ष लिहिताना विसरू नये.)

मुळे आणि पाने वेगवेगळी, दिवसाच्या ठरावीक वेळीच घ्यावीत. मूळ टिपकागदावर हलके टेकवून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये सोडावे. टेबलावर गप्पा मारत ठेवलेला नमुना नंतर कशानेही सुधारत नाही. जागे झालेले जनुक आपल्या आरएनए प्रती काढते; त्या क्यूपीसीआर यंत्रावर, दर चक्राला दुप्पट करत मोजायच्या. त्याआधी आरएनएमधील डीएनए काढून टाकावा आणि तुलनेसाठीचे, मिठात न हलणारे संदर्भ जनुक पडताळून घ्यावे. समजा, संदर्भ जनुकाचा सीटी (प्रती यंत्राला दिसू लागतात ते चक्र; तो कमी तितक्या मूळ प्रती जास्त) दोन्हीकडे 18 आहे आणि एनएचएक्स-1 या जनुकाचा साध्या द्रावणात 26, मिठात 24 आला: फरक 2 चक्रांचा, म्हणजे अभिव्यक्ती (जनुक किती जागे आहे ते) सुमारे चौपट.

एनएचएक्स-1 मिठातले सोडियम रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पोकळीत) कोंडते, एचकेटी-1 ते जलवाहिनीतून परत ओढून पाने वाचवते आणि एसओएस-1 मुळातून बाहेर फेकते. या शेवटच्या जनुकाची अभिव्यक्ती स्थिर दिसली म्हणून ते निष्क्रिय आहे असे मात्र समजू नये. कॅल्शियमचा संकेत मिळालेली एसओएस-3 आणि एसओएस-2 ही जोडी तयार प्रथिनालाच फॉस्फेट जोडून चालू करते, आणि क्यूपीसीआरला ते दिसत नाही. त्यामुळे त्याच रोपांच्या वाळवलेल्या पानांतील सोडियम आणि पोटॅशियम ज्योत-प्रकाशमापकावर मोजून दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडावेत.