पोस्टग्रेसमध्ये फक्त वाचनाचा हक्क कसा द्यावा, आणि का दिला ते कुठे लिहावं

पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालणारा एका पतसंस्थेचा डेटाबेस माझ्याकडे आला, तेव्हा आधी युजरांची यादी दाखवणारी 'बॅकस्लॅश डीयू' ही कमांड टाकून पाहिली. रिपोर्ट काढणाऱ्या युजरपुढे चक्क 'सुपरयुजर', म्हणजे सगळे हक्क असलेला! जुने ईमेल चाळल्यावर उलगडा झाला. एप्रिलमध्ये नव्या वर्षाचं टेबल बनलं, रिपोर्टला 'परमिशन डिनाइड' आलं, ऑडिटर समोर बसलेले. कुणीतरी घाईत सगळेच हक्क देऊन टाकले आणि ते परत काढायचे राहून गेले.

हे टाळायचं असेल तर हक्क माणसाला देऊ नका. लॉगिन नसलेला एक रोल, म्हणजे हक्क ज्याला देता येतात असं नाव, तयार करा, समजा 'रिपोर्ट_वाचन', आणि माणसांचे लॉगिन त्याचे सभासद करा. माणूस बदलला तरी हक्कांना हात लावावा लागत नाही. रोलला आधी स्कीमावर (टेबलांच्या गटावर) 'यूसेज', म्हणजे त्यात शिरण्याचा हक्क द्या, मग त्यातल्या सगळ्या टेबलांवर 'सिलेक्ट', म्हणजे वाचनाचा. यूसेज विसरलात तर सिलेक्ट असूनही काही उघडत नाही.

खरी मेख पुढे आहे. हक्क देताना लिहिलेलं 'ऑल टेबल्स' म्हणजे त्या क्षणी असलेली टेबलं. उद्या बनणाऱ्यांसाठी 'ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस' लागतं, आणि त्यात 'फॉर रोल' लिहून टेबलं बनवणाऱ्या रोलचं नाव द्यावं लागतं. ते गाळलं तर कमांड चालते, चूक दाखवत नाही, पण नियम फक्त तुम्ही स्वतः बनवलेल्या टेबलांना लागतो. त्या एप्रिलला एवढी एक ओळ असती तर पुरलं असतं.

आवृत्ती 14 पासून सगळा डेटा वाचू देणारा तयार रोल मिळतो. मी तो टाळते, कारण त्यात पगाराची टेबलंही उघडी पडतात.

आता तपासा. 'सेट रोल'ने तो रोल स्वतः घेऊन एखादं अपडेट चालवून बघा, अर्थात 'बिगिन' आणि 'रोलबॅक'च्या मध्ये, म्हणजे बदल झालाच तर तो परत फिरतो. नकार आलाच पाहिजे. नाही आला तर टेबलांवरचे हक्क दाखवणारं 'बॅकस्लॅश डीपी' बघा: बरोबरच्या चिन्हाआधी नाव नसेल, तर तो हक्क पब्लिकला, म्हणजे सगळ्यांनाच आहे. पोस्टग्रेसमध्ये हक्क थेट नाकारणारं 'डिनाय' नाही. दुसऱ्या वाटेने आलेला हक्क त्या वाटेवरच 'रिव्होक' करावा, म्हणजे काढून घ्यावा लागतो.

दिलेला हक्क डेटाबेस दाखवतो. मुद्दाम न दिलेला का दिला नाही, हे मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून मी रोलला टीप जोडणारं 'कॉमेंट ऑन रोल' वापरते. वेगळी एक्सेल शीट हरवते. कॉमेंटचा मजकूर 'बॅकस्लॅश डीयू प्लस' केलं की रोलच्या शेजारीच दिसतो. माझ्याकडचा असा आहे: 'वसुली विभागासाठी फक्त वाचन. पगाराची स्कीमा मुद्दाम वगळली आहे. नवं टेबल दिसत नसेल तर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस तपासा, सुपरयुजर देऊ नका.'