ई-लिक्विडचा ठसका: बाटलीवरचे आकडे वाचून तो कसा जुळवावा

सिगारेट सोडण्यासाठी ब्रिटनमध्ये व्हेपकडे, म्हणजे ई-लिक्विड नावाचे द्रव तापवून त्याची वाफ ओढण्याच्या यंत्राकडे, वळलेल्या माणसाची तक्रार बहुधा दोहोंपैकी एक असते: पहिल्याच झुरक्याला जोराचा ठसका (वाफ घशाला लागते ती टोचणी) लागतो, किंवा काही ओढल्यासारखे वाटतच नाही. दोन्हींचे उत्तर बरेचसे बाटलीवरच्या बारीक अक्षरांत सापडते. हे मार्गदर्शन तिथल्या प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांपुरतेच आहे. जो सिगारेट ओढत नाही, त्याने यात पडण्याचे कारण नाही. शिवाय भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी असल्यामुळे, सुट्टीत पुण्याला येताना हे साहित्य सामानात टाकू नये.

सर्वप्रथम निकोटिन पाहावे, कारण ठसक्याचा मोठा वाटा त्याचाच असतो. ब्रिटनमध्ये दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम ही कायदेशीर कमाल मर्यादा आहे; पण नुसता आकडा वाचून फसगत होते, कारण तेच निकोटिन दोन रूपांत मिळते. ‘फ्रीबेस’ हे अल्कधर्मी असते आणि घशाच्या अस्तराला चांगलेच टोचते. ‘निक सॉल्ट’मध्ये बेंझोइक आम्लासारखे एखादे आम्ल मिसळून द्रवाचा सामू खाली आणलेला असतो, त्यामुळे 20 मिलिग्रॅमचे सॉल्ट सहज ओढले जाते, तर तेवढ्याच तीव्रतेचे फ्रीबेस बहुतेकांना खोकायला लावते. म्हणूनच घशाला काही जाणवले नाही म्हणजे निकोटिन कमी गेले, असे मुळीच समजू नये. डोके गरगरू लागले किंवा मळमळले, तर मात्रा जास्त झाली असे धरून थांबावे.

त्यानंतर पीजी आणि व्हीजी, म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतिजन्य तेलांपासून काढलेले ग्लिसरीन, यांचे प्रमाण पाहावे. पीजी पातळ असते, ओलावा शोषून घेते, त्यामुळे घसा कोरडा पडतो आणि झुरका धारदार लागतो. व्हीजी दाट व किंचित गोड असते. त्याचा ढग मोठा होतो आणि घशाला मऊ लागतो. ज्याला 50:50 चे द्रव टोचते, त्याने निकोटिन तेवढेच ठेवून 70 टक्के व्हीजीचे द्रव घेऊन पाहावे. मात्र हा दाटपणा प्रत्येक यंत्राला झेपत नाही. लहान पॉडमधल्या (द्रवाच्या छोट्या कुपीतल्या) कापसापर्यंत दाट द्रव वेळेवर पोचत नाही, कापूस करपतो आणि मग जो जळका, डोळ्यांत पाणी आणणारा झुरका येतो, तो ठसका नव्हे. तिथे ओढणे थांबवून कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार तिच्या कापसासकट, बदलावी. नवी कॉइल बसवल्यावर द्रव भरून दहाएक मिनिटे तशीच ठेवावी, म्हणजे कापूस नीट भिजतो.

स्वतः मिसळणाऱ्यांसाठी हिशोब सोपा आहे. निकोटिन नसलेल्या 50 मिलिलिटर द्रवात 18 मिलिग्रॅम तीव्रतेची 10 मिलिलिटरची बाटली ओतली, तर एकूण 180 मिलिग्रॅम निकोटिन 60 मिलिलिटरमध्ये पसरते आणि तीव्रता 3 मिलिग्रॅम होते. ओतताना हातमोजे घालावेत, कारण निकोटिन त्वचेतूनही शरीरात जाते, आणि बाटल्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

स्वादाकडे सहसा कुणी संशयाने पाहत नाही, वास्तविक पाहायला हवे. दालचिनीच्या स्वादातील सिनॅमाल्डिहाइड चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला) डिवचते, त्यालाच मोहरीतला झणझणीत घटकही डिवचतो. मोहरी फेसताना नाकात जे चढते, तेच इथे घशात उतरते. मेंथॉल याच्या उलट वागते: ते गारव्याची जाणीव करून देणाऱ्या ग्राहकाला जागे करते आणि टोचणी झाकून टाकते. माझ्या मते ही सोय जितकी सुखद, तितकीच फसवी आहे, कारण घसा गार वाटत असताना आपण किती ओढतो, याचे भान राहत नाही. खाण्यात चालणारा स्वाद श्वासातही चालतोच, असेही नाही. लोण्याचा वास देणारे डायअ‍ॅसिटिल ब्रिटनमधल्या ई-लिक्विडमध्ये वापरता येत नाही, ते यामुळेच.

बदल एका वेळी एकच करावा आणि दोनतीन दिवस त्यावर राहावे; निकोटिन, प्रमाण आणि स्वाद एकदम बदलले, तर नेमके कशाने बरे वाटले ते कधीच कळत नाही. जुनी बाटली उजेडासमोर धरून पाहावी: पाण्यासारखे असलेले द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले असेल, तर हवेने व उजेडाने निकोटिनचे ऑक्सिडीकरण झालेले असू शकते, आणि असे द्रव बऱ्याचदा मिरपुडीसारखे घशाला लागते. तीव्रता उतरवून, व्हीजी वाढवून आणि स्वाद बदलूनही खोकला तीन आठवड्यांपुढे गेला, किंवा छातीत घरघर होऊ लागली, तर आणखी बाटल्या विकत घेत न बसता जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, वेळ घ्यावी आणि वापरात असलेली बाटली सोबत न्यावी.