आयडी ब्लॉक झाली? आधी पुरावा, मग तक्रार

डिलिव्हरी ॲपवरची रायडरची आयडी ब्लॉक झाली तर ॲप डिलीट करू नका, लॉगआउटही करू नका. पुरावा आतच असतो आणि ती पाने कधीही बंद होऊ शकतात. ब्लॉकचा मेसेज, तारीख-वेळ, आठवड्याचे पेआउट, इन्सेंटिव्ह, रेटिंग, कापलेला दंड, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. यादी लांब असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग करा. बँक स्टेटमेंट आणि आयकर पोर्टलवरचा टीडीएसचा (पैसे देतानाच कापलेल्या कराचा) तपशीलही काढा. टीडीएस कापला असेल तर तिथे कंपनीचे नाव दिसते. मग ‘हा आमच्याकडे नव्हताच’ असे म्हणता येत नाही.

चॅटवर विसंबू नका. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. रायडर आयडी, ब्लॉकची वेळ, शेवटच्या ऑर्डरचा नंबर लिहा आणि तीनच गोष्टी मागा: लेखी कारण, ज्या तक्रारीवरून ब्लॉक केले तिचा तपशील आणि अडकलेले पैसे, तारखेसह. ओळख पटवायला ॲपने मागितलेली सेल्फी हेल्मेट किंवा अंधारामुळे जुळली नसेल तर ताजा फोटो जोडून फेरतपासणी मागा. आयडी दुसऱ्याला चालवायला दिली असेल तर बाजू फार कमकुवत होते. भावाच्या नावाने नवी आयडी काढून त्याच फोनवर चालवू नका, दोन्ही जाऊ शकतात.

पुढचा रस्ता शहराप्रमाणे बदलतो. बेळगाव-बंगळूरला कर्नाटकचा २०२५ चा कायदा आहे: कामावरून काढण्याआधी लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस हवी. ग्राहकाला शारीरिक इजा केल्याचे प्रकरण मात्र याला अपवाद. नोटीस नसेल तर ईमेलमध्ये हाच मुद्दा सर्वांत वर घ्या.

महाराष्ट्रात केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. तिच्यात कंपनीने उलाढालीच्या १ ते २ टक्के कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे आहेत, पण आयडी बंद करण्याबद्दल एक शब्द नाही. उलट गिग कामगाराला (ॲपवरून सुटी कामे करणाऱ्याला) ती मालक-नोकर नात्याबाहेर धरते. दर आणि दंड ॲपने ठरवायचे, जोखीम मात्र रायडरची; सगळा झगडा इथेच आहे आणि कायद्याने ही बाजू उघडी ठेवली हे चूकच. म्हणून इथे आयडीची मागणी आणि पैशांची मागणी वेगळ्या ठेवा. थकलेल्या पैशांसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. उत्पन्नाच्या अटीत बसल्यास वकील मोफत मिळतो.

ई-श्रम या केंद्राच्या कामगार पोर्टलवरची नोंदणी आयडी ब्लॉक होण्याआधीच करा. आधारशी जोडलेला मोबाइल लागतो, १२ अंकी क्रमांक मिळतो, पैसे लागत नाहीत. एजंटला ओटीपी देऊ नका.