‘सर्वाधिक वाचलेलं’च्या चौकटीने शिकवलेला भागाकार

पत्रकारितेची पदवी घेऊन मी ऐरोलीच्या एका मराठी न्यूज वेबसाइटमध्ये रुजू झाले. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची, बातम्या लिहायच्या, असं चित्र डोक्यात होतं. हातात पडली एक्सेल शीट. “‘सर्वाधिक वाचलेलं’च्या चौकटीवर लोक क्लिक का करत नाहीत, तेवढं बघ,” सरांनी एवढंच सांगितलं. ही चौकट म्हणजे बातमीच्या पानावर दिसणारी, सगळ्यात जास्त वाचल्या गेलेल्या बातम्यांची यादी.

मी चौकटीचा रंग निळ्याचा लाल करून घेतला. आठवड्यात क्लिक दुप्पट! मीटिंगमध्ये मोठ्या रुबाबात आलेख दाखवला. डेस्कवरच्या एका ताईंनी शांतपणे विचारलं, “अगं, त्याच आठवड्यात दहावीचा निकाल लागला ना?” साइटवरची गर्दीच दुप्पट झाली होती. लाल रंगाचा काही संबंध नव्हता.

नव्याने या कामात येणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. नुसते क्लिक मोजू नका, त्यांना कशाने तरी भागा. पण कशाने? समजा पान 10,000 वेळा उघडलं आणि चौकटीवर 60 क्लिक आले. दर 0.6 टक्के. आता त्यातल्या 2,000 वेळाच चौकट स्क्रीनवर आली असेल, तर दर 3 टक्के होतो. पहिल्या आकड्यावरून वाटतं शीर्षकं पडेल आहेत. दुसरा सांगतो की चौकट चुकीच्या जागी आहे. आमचं दुखणं हे दुसरं, म्हणजे जागेचं होतं. डेस्कटॉपवर उजवीकडे ऐटीत बसलेली चौकट मोबाइलवर घसरून पार तळाला, जाहिरातींच्याही खाली जायची. लोकलमध्ये शेजारणीचा अंगठा स्क्रीनवर कसा धावतो ते पाहिलं, तरी कळतं की तिथवर कोणी जात नाही.

चौकट दिसली की नाही, हे गूगल टॅग मॅनेजर या साइटवर मोजणीचे कोड बसवणाऱ्या साधनातल्या एलिमेंट व्हिजिबिलिटी ट्रिगरने मोजता येतं. क्लिकसाठी वेगळा इव्हेंट, म्हणजे वेगळी नोंद, लावावीच लागते, कारण गूगल ॲनालिटिक्स 4 हे वाचकांची मोजदाद ठेवणारं साधन आपोआप नोंदवतं ते बाहेरच्या साइटकडे जाणारे क्लिक. आपल्याच पानांमधले नाही. कंटाळा करून मी आतल्या लिंकांना युटीएम, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणाऱ्या खुणा, चिकटवले होते. तसं करू नका. गूगलवरून आलेला वाचक रिपोर्टमध्ये आपल्याच चौकटीतून आल्यासारखा दिसू शकतो आणि मार्केटिंगवाले डोकं धरून बसतात.

पुढे चौकट लेखाच्या मधोमध आणून पाहिली. क्लिक वाढले, पण लेख अर्धवट सोडणारेही वाढले. शेवटी ती लेख संपल्यासंपल्या, जाहिरातींच्या आधी ठेवली. वाचत असलेलाच लेख यादीतून वगळला. लांबलचक मराठी शीर्षकं दुसऱ्या ओळीत तीन टिंबांवर तुटत होती, म्हणून यादीपुरती छोटी शीर्षकं लिहायला लागलो. (शेवटी लिहायला मिळालं, तेही पाच-सहा शब्दांचं.)

खरी गोम मोजणीच्या काळात होती. यादी सात दिवसांच्या वाचनावर चालायची, त्यामुळे रविवारच्या मेगाब्लॉकची बातमी मंगळवारीही पहिल्या नंबरवर. ती तिथे असल्यामुळे क्लिक मिळायचे, आणि ते क्लिक पुन्हा तिच्याच खात्यात जमा! समाजशास्त्रज्ञ डंकन वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. 14,000हून अधिक लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी दिली. इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं ते दाखवल्यावर लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, आणि कोणतं गाणं वर जाणार ते गटागटात बदललं. आम्ही मोजणी 24 तासांवर आणली आणि चौकटीतून आलेली वाचनं क्रमवारीतून वजा केली.

हा बदल मात्र ए-बी टेस्ट करून, म्हणजे काही वाचकांना जुनी आणि काहींना नवी यादी दाखवून तपासला, पूर्ण दोन आठवडे. आमच्याकडे रविवारचा वाचक सोमवारच्या वाचकासारखा नसतो, त्यामुळे तीन दिवसांत निकाल लावायला बसू नका.

सध्या माझा वाद संपादकांशी चालू आहे. त्यांना स्वतःची आवडती बातमी यादीत वर डकवायची असते. मी म्हणते, खुशाल डकवा, पण मग चौकटीवरचं ‘सर्वाधिक वाचलेलं’ खोडा. अजून खोडलेलं नाही आणि बातमीही डकवलेली नाही.